रंजिता सीटवरून उतरली नाही

आमच्या कोरीट गावात सून ट्रॅक्टर चालवते याचं आता कोणाला नवल राहिलेलं नाही. सुरुवातीला होतं. पोरं सायकली थांबवून बघायची, म्हाताऱ्या पदराआडून हसायच्या. पुढे सवय झाली. जेठ समोर आल्यावर ती काय करते, एवढंच लोक बघायचे, आणि रंजिता त्यात कधी चुकली नाही.

आमच्याकडे जेठाचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, मान मोठा. तो दिसला की सुनेनं पदर पुढे ओढायचा, खाटेवर बसली असेल तर खाली उतरायचं आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. आम्ही सगळ्या जणींनी हे पाळलं आहे आणि त्यात कमीपणा वाटला असं मी म्हणणार नाही. पण ट्रॅक्टरची सीट ही खाटेपेक्षा उंच. त्यामुळे तिचे जेठ चुनीलालदादा बांधावर दिसले की रंजिता इंजिन बंद करायची, उतरायची आणि मोठ्या चाकाआड पाठमोरी उभी राहायची. दादा पीक बघायचे, रायसिंगशी, म्हणजे त्यांच्या सालदाराशी, चार गोष्टी बोलायचे, तंबाखू मळायचे आणि जायचे. मग ती परत चढायची.

ट्रॅक्टर तिच्या नवऱ्यानं, गिरधरभाऊंनी, हौसेनं घेतलेला. पपईच्या दोन ओळींतून जाईल असा छोटा, वीस-बावीस घोड्यांचा. मोठ्या ट्रॅक्टरजवळ उभा केला तर बैलाशेजारी गोऱ्हा उभा केल्यासारखा दिसतो. घेतल्यावर थोड्याच काळात गिरधरभाऊंना लकव्याचा झटका आला. चिंचपाड्याच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवा हात मेलेला, उजवा पाय ओढत, जीभ जड. खोटं कशाला बोलू, त्या वेळी चुनीलालदादांनी स्वतःचं शेत बाजूला ठेवून भावासाठी धावपळ केली. एक हंगाम भावाचं साडेचार एकर दादांनीच पेरलं, त्यांनीच काढलं, आणि माल बरोबर घरी आणून टाकला.

पुढच्या हंगामाला रंजिता सीटवर बसली. गिरधरभाऊ निंबाखाली खाटेवर बसून डाव्या हातानं खुणा करायचे. हात वर, म्हणजे मागचा रोटाव्हेटर, ढेकळं फोडणारं अवजार, उचल. हात खाली, म्हणजे सोड. मूठ, म्हणजे थांब. ती पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा तिचे दोन्ही तळवे सोललेले होते. भजनाला टाळ धरता येईना म्हणून नुसतीच बसली. "दुखस का?" मी विचारलं, तर म्हणे, "दुखस. पन आज पुरं वावर फिरनी मी."

होळीनंतर पपई काढली. बागायती कापसासाठी जमीन तयार करायची होती आणि नेमकी तेव्हाच ट्रॅक्टरची लिफ्ट बिघडली.

ट्रॅक्टरमागे जोडलेलं अवजार उचलायचं आणि सोडायचं काम लिफ्ट करते. ऑइलच्या जोरावर चालते. सकाळी ट्रॅक्टर काढला की रोटाव्हेटर लोण्यासारखा वर यायचा. तासभर काम झालं की वळणावर दांडा ओढावा, तर तो अर्धाच उचलायचा, थरथरायचा, आणि सीटखालून आवाज यायचा. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मोटर हवा ओढायला लागली की कशी ओरडते, तस्सा. अवजार जमिनीत, वळण तर घ्यायचंच, म्हणून ते ओढत न्यावं लागे. एका वळणावर रोटाव्हेटर सामाईक बांधावरून घसरत पलीकडे गेला आणि चुनीलालदादांची ठिबकची नळी खाऊन आला.

नळी काही सोन्याची नव्हती. पण ती त्यांच्या हद्दीतली होती. दुसऱ्या दिवशी दादा नंदुरबारहून इंद्रसिंग मिस्तरीला घेऊन आले.

त्या दिवशी मी पलीकडच्या माझ्या वावरात होते, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. दादा आले म्हणून रंजिता उतरली आणि निंबाखाली खाटेमागे जाऊन उभी राहिली, पदर नाकापर्यंत. ट्रॅक्टरवर रायसिंगला बसवलं. त्यानं बराच वेळ चालवला. शेवटी मिस्तरीसमोर लिफ्टनं अर्ध्यावर मान टाकली आणि ओरडायला लागली.

मिस्तरी कान लावून ऐकत होता. मग त्यानं विचारायला सुरुवात केली.

"कधीपासून असं करते?"

"पयल्यापासून," दादा म्हणाले.

"सकाळी ऑइल थंड असताना उचलते?"

"कसानी उचलस. जसं तसं ढकली ऱ्हायनी ती."

"थांबवून परत चालू केली तर काही फरक?"

"काही फरक नही. बाईमानूस शे, मिस्तरी. दांडा धरीसन खेची खेची पंप खाई टाका."

इंद्रसिंग मिस्तरी वाईट माणूस नाही. वीस वर्षं ट्रॅक्टरचं काम करतो, आसपासच्या गावांत त्याचा हात चांगला म्हणून नाव आहे. पण डॉक्टरसुद्धा पेशंटला विचारतो, कुठे दुखतं. इथे पेशंट मुका, आणि ज्या बाईला त्याचं दुखणं माहीत होतं ती खाटेमागे तोंड झाकून उभी. मिस्तरीनं जे ऐकलं त्यावरून बरोबरच निदान केलं. पंप झिजला. नवा मागवावा लागेल, लिफ्ट खोलावी लागेल, आखाजीच्या आत होणार नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे शेतीचं वर्ष तिथून सुरू होतं. सालदार त्या दिवशी ठरतो, निम्म्यानं द्यायची जमीन त्या दिवशी ठरते, आणि एकदा ठरलं की वर्षभर त्यात बदल नाही. दादांनी त्याच जागी, भावाच्या खाटेशी बसून विषय काढला.

"गिरधर, आखाजीपासून तुन्हं वावर मी निम्म्यानं करस. ट्रॅक्टर बी मन्हा शेडमा ठेवू. तुले घर बसीसन अर्धं भेटी. आते तुन्ही बायकोनी बी दगदग नको."

गिरधरभाऊंच्या तोंडून शब्द यायला वेळ लागतो. ते शब्द जुळवेपर्यंत दादा उठून गेले.

मला वाटलं रंजिता रडेल. ती रडली नाही. संध्याकाळी दिवा लावून, तुळशीला पाणी घालून मी तिच्याकडे गेले तर ती ओट्यावर भाकरी थापत होती आणि भाकरी फाटेपर्यंत थापत होती.

"एक वर्ष देई टाक," मी म्हटलं. "दादा काही परका नही."

"परका नही तेच तर शे," ती म्हणाली. "परक्याकडून वावर परत मांगता येस. जेठकडून मांगाले तोंड कोठून आनू? तोंड तं झाकेल शे मन्हं."

एका वर्षाची दोन होतात, दोनाची पाच होतात, हे आम्ही गावात पाहिलेलंच होतं. एकदा सीटवरून उतरली की ती परत बसणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

खाटेवरून गिरधरभाऊंनी डावा हात हलवला. "इकडे ये. सांग. ती काय... काय करस?"

"कोन?"

"लिफ्ट."

मग ती सांगत गेली आणि ते एकेक शब्द जुळवून विचारत गेले. आधी सोपं बघायचं, अवघड मागून, ही त्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रॅक्टर सपाट अंगणात आणला, रोटाव्हेटर पूर्ण खाली टेकवला आणि मग ऑइलची पट्टी काढून बघितली. अवजार उचललेलं असताना बघितलं तर बरंच ऑइल लिफ्टमध्ये वर गेलेलं असतं, माप खोटं दिसतं. ऑइल पुरेपूर होतं. मग पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या पट्ट्या आवळल्या, कुठून हवा ओढत असेल तर. फरक नाही. मग रोटाव्हेटर सोडून रिकामी लिफ्ट वरखाली करत बसली. बऱ्याच वेळानं रिकामी लिफ्टसुद्धा ओरडायला लागली. म्हणजे वजनाचंही कारण नाही.

"मंग पंपच शे," मी म्हटलं. बघायला मीही जाऊन बसले होते.

"थांब," रंजिता म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली. "आयकतस का, एक गोष्ट शे. दादा बांधवर येतस का मी उतरस. ते जातस, मी परत बसस, तवय लिफ्ट एकदम चांगली ऱ्हास. दरवेळे."

गिरधरभाऊंचं अर्धं तोंड हसतं, अर्धं नाही. ते तसं हसले. "दादा उना... का लिफ्ट बी... लाजी जास."

आम्ही दोघी हसलो. पण हसता हसता तिचा चेहरा बदलला. तिनं ट्रॅक्टर पुन्हा चालू केला, लिफ्ट ओरडेपर्यंत चालवली, बंद केली, आणि मला म्हणाली, चहा कर. चहा पिऊन होईपर्यंत तिनं सीटला हात लावला नाही. मग चढली, चालू केलं, दांडा ओढला. लिफ्ट सरळ वर गेली. तिनं उतरून सीटमागच्या ऑइलच्या पेटीला हात लावला आणि झटकन काढून घेतला. ऑइल अजून तापलेलंच होतं, म्हणजे थंड झाल्यामुळे लिफ्ट उठली नव्हती.

तिनं मिस्तरीला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं, पण म्हणाला, "वहिनी, दादांनी मला बोलावलंय. त्यांच्यासमोरच बघू. उद्या ट्रॅक्टर शेडमध्ये न्यायला येतोच आहे."

उद्या म्हणजे आखाजीच्या आदल्या दिवशी.

सकाळी तिनं आंघोळ करून देव्हाऱ्यात दिवा लावला, कानबाई देवीचं नाव घेतलं, बोनेटला हात लावून कपाळाला लावला आणि वावरात ट्रॅक्टर घातला. उन्हं चढेपर्यंत चालवत राहिली. मी निंबाखाली गिरधरभाऊंच्या खाटेशी बसले होते. दादांची मोटारसायकल बांधावर आली, मागे मिस्तरी. रायसिंग पायी आला, ट्रॅक्टर न्यायला.

सवयीनं मी तिच्याकडे बघितलं, आता उतरेल. तिनं पदर पुढे ओढला. एका हातानं ओढला, दुसरा हात स्टिअरिंगवर. इंजिन चालूच. ट्रॅक्टर आमच्या दिशेनं आला आणि निंबाजवळ थांबला. ती सीटवरच.

दादा आधी आभाळाकडे बघायला लागले, मग निंबाकडे. शेवटी मिस्तरीला म्हणाले, "मिस्तरी, तिले सांगा, खाले उतर."

मिस्तरीनं वर बघितलं. "वहिनी, दादा म्हणतात उतरा."

"मिस्तरीभाऊ," रंजिता इंजिनच्या आवाजावरून बोलली, "दादासले सांगा, मी उतरनू का लिफ्ट नीट व्हई जास. म्हनीसन मी उतरनार नही."

मिस्तरी दादांकडे वळला. "दादा, त्या म्हणतात..."

"माले ऐकू उनं," दादा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तिले सांगा, घरनी रीत ऱ्हास काही."

"दादासले सांगा, पदर शे मन्हा डोकावर. दादाना पाय रोज पडस, आज बी पडसू. पन आते लिफ्ट दखाडनी शे."

रायसिंग बिचारा ढेकूळ पायानं फोडत होता. मी तोंडावर पदर धरला, हसू आलं म्हणून, आणि भीती वाटली म्हणूनही. गिरधरभाऊ खाटेवर ताठ बसले होते.

"दाखवा," मिस्तरी म्हणाला. तो आता ट्रॅक्टरजवळ आला होता.

तिनं दांडा ओढला. रोटाव्हेटर अर्ध्यावर येऊन थरथरला, सीटखालून ओरड सुरू झाली. तिनं इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली.

"आते थांबा," ती म्हणाली. "दादा बांधवर जेवढा येळ थांबतस तेवढा येळ."

उन्हात उभं राहायला दादा तयार नव्हते, खाटेवर भावाशेजारी बसायलाही तयार नव्हते. मी माठातलं पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं. तंबाखू काढली, मळली, दाढेखाली धरली. मग रंजितानं चावी फिरवली, दांडा ओढला. रोटाव्हेटर सरळ, एका दमात वर गेला आणि थांबला.

मिस्तरीनं मागच्या पेटीवर हात ठेवला. चटका बसला तसा उचलला. "ऑइल तर गरमच आहे."

"गरमच शे. काल बी व्हतं, परवा बी."

"मी पहिल्यांदा आलो तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही माले इचारं का?"

मिस्तरी दादांकडे न बघता म्हणाला, "दादा, पंप झिजलेला असता तर गरम, पातळ ऑइलवर रोटाव्हेटर असा उठला नसता. आत काहीतरी फिरतंय. चालू असताना पंप ओढतो, ते येऊन जाळीला चिकटतं, ऑइलची वाट बंद होते. इंजिन थांबलं की सुटून खाली बसतं. लिफ्ट खोलायची गरज नाही."

त्यानं ऑइल डब्यात सोडलं आणि पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी काढली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळा, चिकट, फेसलेला बोळा होता. मिस्तरीनं तो डिझेलमध्ये धुतला, बोटांनी ताणला. लांब, मऊ धागे निघाले.

रायसिंगनं सगळ्यांत आधी ओळखलं. "कापूस शे यो."

आमच्या गावात कोणत्याही डब्याचं झाकण हरवलं की घराघरात एकच उपाय. कापसाचं बोंड काढायचं आणि तोंडात खुपसायचं. गोडं तेल असो, रॉकेल असो, ऑइल असो. दोन्ही भावांत ऑइलचा मोठा डबा एकच, कधी या घरी, कधी त्या घरी, आणि त्याचं झाकण कधीचंच गेलेलं. बोळा आत पडला तर नवा लावायचा. हिवाळ्यात कोणीतरी त्यातून ट्रॅक्टरमध्ये ऑइल ओतलं. कोणी ओतलं हे रंजितानं विचारलं नाही, आणि दादांनीही विचारलं नाही, यावरून ज्यानं त्यानं समजायचं ते समजावं.

नवं ऑइल कापडातून गाळून भरलं. ट्रॅक्टर चालू झाला. ती वावरात गेली आणि मिस्तरी जाईपर्यंत वळणावळणाला रोटाव्हेटर उचलत राहिली. लिफ्ट एकदाही ओरडली नाही. रायसिंग रिकाम्या हातानं परत गेला.

पण लिफ्ट दुरुस्त झाली म्हणून जमीन सुटली, असं नव्हतं. दादांना लिफ्टपेक्षा ती सीट लागली होती. गावात संध्याकाळपर्यंत पसरलं की चुनीलालची भावजय त्याच्यासमोर ट्रॅक्टरवर बसून राहिली. त्यात दोन गोष्टी लोकांनी पदरच्या घातल्या.

आखाजीला दोघा भावांच्या बापाचं पितर थोरल्याच्या घरी जेवतं. दरवर्षीसारखी रंजिता पहाटेपासून जेठाणीला, सुंदरबाईंना, हाताशी होती. पुरण वाटलं, आंब्याचा रस काढला, पाण्याची घागर पुजली, त्यावर खरबूज ठेवलं. मी शेजारधर्मानं तिथेच होते. सुंदरबाई तिच्याशी काहीच बोलल्या नाहीत. मात्र मांडे भाजताना तिच्या बाजूचा जाळ जास्त झाला तो त्यांनी न सांगता मागे ओढला.

जेवणं झाली. ओसरीवर सालदारांचं ठरायचं होतं, रायसिंग आणि आणखी दोघे बसले होते. दादांनी सुपारी फोडली आणि सगळ्यांसमोर भावाला म्हणाले, "गिरधर, तुन्हं वावर या सालले निम्म्यानं. बोल, हो म्हन."

गिरधरभाऊंनी डावा हात उचलला आणि दाराकडे दाखवला. रंजिता दाराआड उभी होती.

"तिले इचार," ते म्हणाले. हे दोन शब्द मात्र अडखळले नाहीत.

"बायकोले काय इचारानं?"

"वावर... ती करस."

रंजिता दाराबाहेर आली. पदर पुढे, नजर खाली. ती वाकून जेठाच्या पाया पडली. मग सरळ उभी राहिली आणि या वेळी तिनं मध्ये कोणाला घेतलं नाही.

"दादा, वावर आम्ही करसूत. निम्म्यानं देनार नही."

लग्न होऊन आल्यापासून चुनीलालदादांशी तिचा पहिला थेट शब्द तो. रागवावं तर तिनं पाय धरलेले, पदर जागेवर, आवाज खाली. शेवटी ते म्हणाले, आणि तेही रायसिंगकडे बघून म्हणाले, "मंग तिले सांग, आजपासून मी त्या बांधवर पाय ठेवनार नही. जेठनासमोर जी बाई सीटवर बसस..."

"दादा, या. पानी दिसू, चहा दिसू," ती म्हणाली. "उतरनार नही फक्त. उतरनू का काम थांबस."

आणि घरात जाऊन तिनं उष्टी ताटं उचलायला घेतली.

कापूस वेळेवर लागला. ओळी सरळ आहेत, एवढं मी खात्रीनं सांगते, कारण माझ्या वावरातून त्या रोज दिसतात. ऑइलच्या डब्याला आता प्लॅस्टिकचं झाकण आहे आणि डबा तिच्याच घरी असतो. लागलं तर मागून न्यावं लागतं. सुंदरबाई मधून मधून दुपारच्या येतात. रंजिता सीटवर असली तरी खालूनच बोलतात आणि चार भाज्या घेऊन जातात.

चुनीलालदादांनी शब्द पाळला आहे. ते बांधावर येत नाहीत. त्यांच्या विहिरीकडे जायची वाट या बांधावरूनच आहे, म्हणून त्यांना नाल्याच्या बाजूनं वळसा घालून जावं लागतं. उन्हाचं लांब पडतं. परवा भजनाहून येताना मी रंजिताला म्हटलं, "एकदा उतर, बाई. म्हातारपन शे त्यासनं."



"वाट बंद मी नही करेल," ती म्हणाली. "त्यासनी करेल शे. ज्या दिन येतीन त्या दिन पानीना तांब्या भरेल सापडी." मग म्हणाली, "उद्या तुन्हा वावरमा ट्रॅक्टर घालाना शे ना? सकाळी लवकर येस मी. दगडं वेची ठेव."